बाग सर्वांची, मग मुली कुठे गेल्या?

 

आज आम्ही तुम्हाला एका शहरातल्या बागांचा इतिहास सांगणार आहोत. तुमच्यातली एखादी म्हणेल, आपल्याला शहरातल्या बागेशी काय करायचंय? आपल्याकडे झाडं काय थोडी आहेत? बरोबर आहे. पण आपल्या किती घरांतल्या लेकी आज पुण्याला, नाशिकला, नागपूरला राहिल्या आहेत ते आठवा. कुणी नर्सिंगला आहे, कुणी कंपनीत लागली आहे, कुणाची सून तिथे भाड्याच्या खोलीत संसार करते आहे. संध्याकाळी त्या बागेतून, नाल्याकाठच्या वाटेवरून घरी निघतात तेव्हा इथे आपला जीव खाली-वर होतो. आपण फोन लावतो आणि विचारतो, पोचलीस का गं?

आपण लेकीला सांगतो, अंधार पडायच्या आत घरी ये, त्या वाटेने जाऊ नकोस, एकटी बसू नकोस. म्हणजे सगळी काळजी लेकीनेच घ्यायची. पण ती वाट कुणी आखली, दिव्याचा खांब कुठे रोवायचा हे कुणी ठरवलं, बागेला फाटकं किती ठेवायची हे कुणाला विचारून ठरलं, हे आपण विचारत नाही. युरोपातल्या एका शहरात बायकांनी हे विचारलं. त्या शहराचं नाव व्हिएन्ना. ऑस्ट्रिया देशाची ही राजधानी, डॅन्यूब नावाच्या मोठ्या नदीच्या काठी वसलेली. आजची गोष्ट तिथली.

राजाने फाटक उघडलं

अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठ्या बागा राजेलोकांच्या असत. व्हिएन्नाजवळ प्राटर नावाचं मोठं रान होतं. तिथे राजघराण्यातले लोक शिकार करायचे. सामान्य माणसाला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. १७६६ साली सम्राट दुसरा जोसेफ याने ते रान सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती, पानिपत होऊन पाच वर्षं झाली होती. पुढे १७७५ साली त्याच सम्राटाने आउगार्टन नावाची आपली राजबाग उघडली आणि ही जागा सर्व माणसांच्या करमणुकीसाठी आहे, अशा अर्थाचा मजकूर फाटकावर कोरून घेतला.

पुढचं शतक उजाडलं. शहराभोवतीचा जुना कोट आता कामाचा राहिला नव्हता. १८५७ साली तो पाडायचा हुकूम निघाला. मोकळ्या झालेल्या जागेत रुंद रस्ते झाले आणि १८६२ साली स्टाटपार्क, म्हणजे शहराची बाग, सुरू झाली. ही राजाची देणगी नव्हती, नगरपालिकेने स्वतः लोकांसाठी तयार केलेली तिथली पहिली बाग होती. त्याच १८६२ साली आपल्या मुंबईत भायखळ्याची बाग लोकांसाठी उघडली. आपण तिला राणीची बाग म्हणत आलो आणि आज तिला वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. तेव्हा जगभर हा विचार पसरत होता की गिरण्या-कारखान्यांच्या धुरात राहणाऱ्या माणसाला चार झाडं आणि मोकळी हवा मिळाली पाहिजे.

त्यानंतर पहिलं महायुद्ध झालं. ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं. १९१८ साली तिथल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला आणि १९१९ साली त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. व्हिएन्नात कामगारांच्या पक्षाची सत्ता आली. शहरात घरांची फार टंचाई होती. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत. नव्या नगरपालिकेने श्रीमंतांवर जास्त कर बसवला आणि त्या पैशातून १९३४ सालापर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली.

त्यातली एक वसाहत जगभर गाजली. कार्ल मार्क्स होफ तिचं नाव. १९३० साली तिचं उद्घाटन झालं. लांबी एक किलोमीटरहून जास्त आणि घरं १,३८२. पण एवढ्या मोठ्या जागेत बांधकाम पाचव्या भागापेक्षाही कमी जागेवर होतं. बाकी सगळी अंगणं, झाडं आणि चालायच्या वाटा. आत बालवाडी होती, धुण्यासाठी सामाईक जागा होती. घरांच्या खिडक्या अंगणाकडे उघडायच्या, म्हणजे खेळणाऱ्या पोरांवर घरातून सहज नजर जायची. वाड्याचं चौक-अंगण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही सोय वेगळी सांगायला नको.

खुली म्हणजे कुणाला खुली?

इथे इतिहासाला एक वाईट वळण लागतं. ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळायची नाही.

१९३८ साली हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. व्हिएन्नात ज्यू धर्माचे लोक मोठ्या संख्येने राहत होते. ज्या आउगार्टनच्या फाटकावर सर्व माणसांसाठी असं कोरलं होतं, त्या बागेच्या आजूबाजूलाच त्यांची मोठी वस्ती होती. आता शहरातल्या बागांतल्या बाकांवर पाट्या लागल्या की इथे ज्यू माणसाने बसायचं नाही. पुढे बागेत यायचीही बंदी झाली. दगडावरची अक्षरं तशीच राहिली आणि माणसं मात्र बाहेर काढली गेली. पुढे त्यांचं काय झालं, किती लाख माणसं मारली गेली, हे जगाला माहीत आहे.

मैत्रिणींनो, कागदावर खुलं आणि खरोखर खुलं यातलं अंतर आपल्याला दुसऱ्या देशाकडून शिकायची गरज नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी घ्यायला कुणी जाऊ शकत नव्हतं. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. ठरावाने जे झालं नव्हतं, त्यासाठी चालत जावं लागलं.

पाटी लावून माणसाला अडवलं, तर ते निदान डोळ्यांना दिसतं. पण पाटी नसते, फाटक उघडं असतं, कुणी नको म्हणत नाही आणि तरी एक सबंध गट तिथे येत नाही, असंही होतं. ते ओळखणं जास्त अवघड. व्हिएन्नातली पुढची गोष्ट अशा न दिसणाऱ्या पाटीची आहे.

फोटोंचं प्रदर्शन

दुसऱ्या महायुद्धानंतर शहर पुन्हा बांधलं गेलं. गाड्या वाढल्या, रस्ते रुंद झाले. नगररचना करणारे जवळजवळ सगळे पुरुष. सकाळी गाडीत बसून कचेरीत जाणारा आणि संध्याकाळी परत येणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा.

१९९१ साली तिथे एक फोटोंचं प्रदर्शन भरलं. एफा काइल नावाच्या नगररचनाकार बाई आणि त्यांच्या सहकारी यांनी ते भरवलं होतं. सार्वजनिक जागा कुणाच्या मालकीची आणि बायकांचा शहरातला रोजचा दिवस, असा त्याचा विषय. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या बायका-मुलींचा रोजचा दिवस फोटोंत टिपला होता. हातगाडीत तान्हं मूल घेऊन पायऱ्या चढणारी आई, बाजाराच्या पिशव्या घेऊन चिंचोळ्या फुटपाथवरून चालणारी बाई, अशी ती रोजची दगदग. सुरुवातीला कचेरीतले लोक हसले. मग आता काय रस्ते गुलाबी रंगवायचे का, अशी थट्टाही झाली. पण सुमारे चार हजार माणसं ते प्रदर्शन पाहून गेली. वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि राजकीय पक्षांनीही घेतली. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, नगरपालिकेने महिलांच्या प्रश्नांसाठी वेगळं कार्यालय सुरू केलं. ते काम एफा काइल यांच्याकडे आलं.

त्यांनी पहिल्यांदा घरांपासून सुरुवात केली. शहराच्या कडेला एक वसाहत बांधायची ठरली आणि तिचा आराखडा चार महिला वास्तुविशारदांनी केला. १९९७ साली ३५७ घरांची ही वसाहत उभी राहिली. इमारती फार उंच नाहीत, कारण वरच्या मजल्यावरून खालच्या पोराला हाक ऐकू गेली पाहिजे. अंगणात ठिकठिकाणी हिरवळीचे तुकडे, जवळच बालवाडी, औषधाचं दुकान, डॉक्टर आणि गाडीचा थांबा.

१९९९ साली शहराच्या नवव्या प्रभागात लोकांना एक प्रश्नपत्रिका दिली. तुम्ही बस-ट्राम कधी वापरता, कशासाठी वापरता, एवढंच विचारलं होतं. बहुतेक पुरुषांनी पाच मिनिटांच्या आत कागद भरून दिला. बायकांचं मात्र लिहून संपेना. सकाळी मुलाला डॉक्टरकडे, तिथून शाळेत, मग कामावर, येताना भाजी, मग म्हाताऱ्या आईकडे. त्यांच्या दिवसाला एक जाणं आणि एक येणं नव्हतंच. त्यांच्या पायाखाली एका दिवसात दहा वाटा येत होत्या. आमच्या गटात ही हकीकत वाचून दाखवली तेव्हा सगळ्या हसल्या. आपलाही दिवस असाच असतो, पण कुणी कागद पुढे करून विचारत नाही.

मुली मोजल्या

आता बागेकडे येऊ. १९९६-९७ साली व्हिएन्नात बागांची पाहणी झाली. पाहणी करणारे बागेत कोण येतं, किती वयाचं, काय करतं हे टिपत होते. त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली. लहान होते तोवर मुलगे आणि मुली दोघंही बागेत दिसायचे. नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलग्यांची संख्या तशीच राहायची आणि मुली एकदम कमी व्हायच्या.

मुलींना कुणी हाकललं नव्हतं. मग झालं काय? बागेत मोठं मोकळं मैदान असायचं किंवा उंच जाळी मारलेला चेंडू खेळायचा चौक. त्या चौकाला एकच चिंचोळं दार. मोठी मुलं दाराशी घोळका करून उभी राहायची. आत जायचं तर त्या घोळक्यातून अंग चोरून जावं लागायचं. आणि आत गेलं तरी जागा एकच. ती कुणाची यावर ओढाताण झाली की जोरकस मुलं ती घ्यायची. मुली एक दिवस परत फिरायच्या, दुसऱ्या दिवशी परत फिरायच्या, तिसऱ्या दिवशी यायच्याच नाहीत. लोकांना वाटायचं, मुलींना खेळायची आवडच नसते.

यातून पाहणीवाल्यांनी काढलेला अर्थ फार मोलाचा आहे. त्यांनी मुलींना धीट व्हा असा उपदेश केला नाही, मुलांना शिक्षाही केली नाही. बागेच्या आखणीत खोट आहे, ती दुरुस्त करू, असं त्यांनी म्हटलं. १९९९ साली पाचव्या प्रभागातल्या दोन बागा नव्याने आखायला घेतल्या. एकीचं नाव आइन्सिडलर पार्क, दुसरीचं सेंट योहान पार्क. या दुसरीला आज ब्रुनो क्रायस्की पार्क म्हणतात.

बदल साधेच होते. आत शिरायच्या आणि आरपार जायच्या वाटा वाढवल्या. एकाच मोठ्या मैदानाऐवजी झाडं-झुडपं लावून आणि उंचसखल करून लहान लहान जागा केल्या, म्हणजे एका गटाने सगळी बाग व्यापली असं होणार नाही. चेंडूच्या चौकांना जास्त आणि रुंद दारं दिली, म्हणजे एका घोळक्याने वाट अडणार नाही. बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलसाठी जागा केल्या. चार मैत्रिणींना नुसतं बसून बोलता यावं अशा जागा केल्या. दिवे सुधारले.

थोड्याच काळात फरक दिसू लागला. मुली परत आल्या. मुलगेही राहिले, त्यांची जागा कुणी हिसकावली नाही. वेगवेगळे गट एकाच बागेत आपापल्या ठिकाणी रमू लागले. पुढे शहराने बागा आखायच्या सूचनाच लिहून काढल्या आणि नवी बाग करताना किंवा जुनी दुरुस्त करताना त्या पाहायच्या असं ठरवलं. मारियाहिल्फ नावाच्या प्रभागात रस्त्यांचंही असंच काम झालं. फुटपाथ रुंद केले, अंधाऱ्या जागी दिवे लावले, बाक ठेवले, पायऱ्यांशेजारी उतार केले.

या सगळ्याची सुरुवात मोजण्यापासून झाली, हे लक्षात ठेवा. मुली येत नाहीत हे रोज सगळ्यांना दिसत होतं. पण वयाप्रमाणे आकडे लिहून समोर ठेवले, तेव्हाच नगरपालिकेला ते नाकारता आलं नाही. बचत गटात आपण हेच शिकलो. तोंडी हिशेब विसरला जातो, वहीतला राहतो.

वाट कशी असावी?

बागेइतकीच महत्त्वाची बागेची वाट. आता शहरांत नदीकाठाने, नाल्याकाठाने, बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून चालायच्या हिरव्या वाटा करतात. गाड्यांचा त्रास नाही, सावली असते, म्हणून त्या फार चांगल्या. पण लांबच लांब एकाकी वाट बाईला भीतीचीही वाटते. मग ती कशी आखावी?

अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांनी १९६१ साली शहरांवर एक पुस्तक लिहिलं. त्या म्हणतात ते आपल्या शब्दांत सांगायचं तर असं की, रस्ता पोलिसांमुळे राखला जातो त्याहून जास्त तो ओट्यावर बसलेल्या, दुकानात उभ्या असलेल्या, खिडकीतून पाहणाऱ्या माणसांच्या नजरेने राखला जातो. बागेचंही तसंच. आजूबाजूला घरं, दुकानं, शाळा असतील आणि दिवसभर वेगवेगळ्या वेळी माणसं येत-जात असतील, तर बाग जिवंत राहते. नुसती झाडं लावून बाग सुरक्षित होत नाही.

कॅनडातल्या टोरांटो शहरात मेट्रॅक नावाच्या संस्थेने १९८९ साली एक साधी पद्धत बसवली. बायकांनी चार-पाच जणींचा गट करायचा, अंधार पडल्यावर हातात कागद घेऊन त्या वाटेने चालायचं आणि कुठे भीती वाटली, का वाटली, ते तिथेच लिहायचं. त्याला सुरक्षा पाहणी म्हणतात. ज्या बाईला रोज त्या वाटेने जावं लागतं ती त्या वाटेची जाणकार, हा त्यामागचा विचार.

ही पद्धत आपल्या देशातही आली. दिल्लीतल्या जागोरी या महिला संस्थेने अशा पाहण्या केल्या. २०१३ साली सेफ्टीपिन नावाचं मोबाइलवरचं साधन निघालं. त्यात एखाद्या जागेच्या नऊ गोष्टी पाहतात. उजेड आहे का, जागा मोकळी आहे का, आजूबाजूच्या दारां-खिडक्यांतून नजर पडते का, माणसांची वर्दळ आहे का, पोलीस किंवा राखणदार आहे का, चालायला धड वाट आहे का, बस-रिक्षा मिळते का, तिथे बायका दिसतात का आणि शेवटी, तिथे उभं राहिल्यावर मनाला कसं वाटतं. मनाला काय वाटतं हेही त्या यादीत आहे, हे आम्हाला फार आवडलं. दिल्लीच्या पाहण्यांत असंही दिसलं की रस्त्यावर भाजीवाले, चहावाले असले की बायकांना आधार वाटतो. रस्ता स्वच्छ करायचा म्हणून त्यांना हुसकावलं की तोच रस्ता ओस पडतो.

अशा सगळ्या कामातून चांगल्या वाटेच्या काही खुणा ठरत गेल्या. चालणाऱ्या बाईला पुढचं वळण आधी दिसावं, वळणाच्या आड काय आहे असा धसका नसावा. वाटेकडेचं झुडूप कमरेच्या खाली छाटलेलं आणि झाडाची फांदी डोक्याच्या वर असावी, म्हणजे मधून आरपार दिसतं. मधे मधे बाहेर पडायला फाटे असावेत. शिरायला एक आणि निघायला एक, मधे मैलभर भिंत, असं नसावं. बाक वर्दळीच्या जागी असावेत. संडास आडोशाला लपलेला नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं दार दिसावं आणि त्यात पाणी असावं.

दिव्याचं एक वेगळं सांगतो. एकच प्रखर दिवा लावला तर त्याच्याखाली लख्ख उजेड आणि त्यापलीकडे जास्तच काळोख वाटतो. त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर मंद पण सारखा उजेड बरा, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येईल इतका. आणि जी वाट रात्री पूर्ण ओस पडते, तिथे दिवे लावून बाईला तिकडे बोलावण्यापेक्षा वर्दळीच्या रस्त्याकडे नेणारी पाटी आणि दिवे लावावेत.

बसायचं कुठे?

आपल्या गावाकडे पाहू. आपल्याकडे पार आहे, चावडी आहे, देवळाचा सभामंडप आहे. पारावर कोण बसतं? बाप्ये. आपल्या आज्या कुठे भेटायच्या? पाणवठ्यावर, नदीला धुणं धुताना, जात्यावर. म्हणजे बायकांच्या भेटायच्या जागा होत्याच, पण प्रत्येक जागी हाताला काम होतं. घागर कमरेवर असली की बाई घराबाहेर उभी राहू शकत होती. आता नळ आला, गिरणी आली. त्रास वाचला, फार चांगलं झालं. पण भेटायच्या त्या जागाही गेल्या आणि बदल्यात नवी जागा काही मिळाली नाही.

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी या विषयावर अभ्यास करून २०११ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, व्हाय लॉइटर नावाचं. लॉइटर म्हणजे उगाच रेंगाळणं. त्यांचं म्हणणं असं की मुंबईसारख्या शहरातही बाईला बाहेर असताना कामाला निघाल्यासारखं दाखवावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, पावलं भरभर. पुरुष पानटपरीवर तासभर उभा राहिला तर कुणी काही विचारत नाही. बाईलाही काही कारण नसताना बाहेर निवांत बसता आलं पाहिजे, हा तिचा हक्क आहे, असं या तिघी म्हणतात.

व्हिएन्नात मुलींना बसून बोलायला जागा केली, ती याच विचाराने. जिथे बायका निवांत बसलेल्या दिसतात, तिथे दुसऱ्या बाईलाही यावंसं वाटतं. जागा राखायला त्याहून चांगला राखणदार नाही.

आणि व्हिएन्नाच्या पाहणीतला तो नऊ-दहा वर्षांचा आकडा आपल्या शाळेच्या मैदानाला लावून पाहा. चौथीपर्यंतच्या पोरी मैदानावर पळताना दिसतात. सातवी-आठवीच्या किती दिसतात? आपण म्हणतो, आता मोठी झाली, घरकामात मदत करते. तेही खरं असेल. पण मैदानाच्या दाराशी कोण उभं असतं, संडास उघडा असतो की कुलूप लावलेला, संध्याकाळी दिवा लागतो का, हे आपण पाहिलंय का?

म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी आम्ही तीन कामं सुचवतो. हप्ता गोळा झाला, वही लिहून झाली की अर्धा तास यासाठी ठेवा.

पहिलं काम मोजायचं. एक आठवडा रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळेत शाळेच्या मैदानावर किंवा गावातल्या मोकळ्या जागेवर किती मुलगे, किती मुली, किती बायका, किती म्हातारी माणसं दिसली ते लिहा. अंदाजे वय लिहा. नावं लिहायची नाहीत, बोट कुणाकडे दाखवायचं नाही.

दुसरं काम चालायचं. पाच-सहा जणी मिळून अंधार पडल्यावर एसटीच्या थांब्यापासून वस्तीपर्यंत आणि मैदानापर्यंत चालत जा. वस्ती सगळ्या बाजूंची घ्या, गावकुसाबाहेरची वाट आधी घ्या. कुठे दिवा बंद आहे, कुठे बाभळीने वाट अडली आहे, कुठे पाय घसरतो, कुठे छातीत धडधडतं, सगळं लिहा. बरोबर एक म्हातारी आजी आणि एक आठवीतली मुलगी घ्या. त्यांना जे दिसेल ते आपल्याला दिसणार नाही.

तिसरं काम मांडायचं. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. त्या सभेत हे कागद ठेवा आणि ठराव करून घ्या. आमचं गाव आमचा विकास या आराखड्यात दिवे, वाट, संडासाचं कुलूप आणि चार बाक घालायला सांगा. फार मोठा पैसा लागत नाही. लेकीला शहरात पाठवलेल्या आयांनी तिला फोनवर हे नऊ प्रश्न सांगावेत. तिच्या होस्टेलच्या मुली मिळून तीच यादी भरून त्यांच्या नगरसेवकाकडे देऊ शकतात.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. महाडच्या तळ्याने आपल्याला तेवढं शिकवलं आहे. दिवे लागले, बाक आले की संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं. पहिले काही दिवस लोक बघतील, कुणी बोलेलही. चार जणी मिळून बसा. पोरींनाही बरोबर न्या. बैठकीत काय मोजलं आणि चालताना काय दिसलं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी तुमच्या गावांचे आकडे आपण सगळ्यांना वाचून दाखवू.

तोवर नमस्कार.